एकाच जबड्यात ड्रिल आणि पिएझो

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवतात. वय ५१. खालच्या जबड्यातल्या दोन्ही बाजूंच्या पहिल्या दाढा गेलेल्या. उजवी दोन वर्षांपूर्वी किडून तुटली म्हणून काढली. डावी गेली त्याला पंधरा वर्षं झाली. तेव्हा धाकटी मुलगी लहान होती, "नंतर बसवू" म्हणता म्हणता राहून गेलं. पुढच्या दातांनी भाकरी चावून चावून आता तेही दुखायला लागले होते. खुर्चीत टेकल्या टेकल्या त्यांनी विचारलं, "मॅडम, नसेला धक्का लागणार नाही ना? माझ्या जाऊबाईंचा ओठ अक्कलदाढ काढल्यावर चार महिने बधिर होता. चहा हनुवटीवर ओघळला तरी कळायचं नाही. मला दिवसभर मुलांसमोर बोलायचं असतं."

हा प्रश्न पुढच्या सगळ्या निर्णयांच्या मुळाशी आहे. बाईंच्या उजव्या बाजूला मी नेहमीच्या ड्रिलने इम्प्लांटची, म्हणजे दाताच्या मुळाऐवजी हाडात बसवायच्या टायटॅनियमच्या स्क्रूची, जागा केली आणि डाव्या बाजूला पिएझोने, म्हणजे अल्ट्रासॉनिक कंपनांनी हाड कापणाऱ्या यंत्राने. तोंड एक, रक्तातली साखर एक, शस्त्रक्रिया करणारा हात एक. हाड मात्र दोन तऱ्हेचं. दोन्ही पद्धती अशा शेजारी शेजारी पाहायला मिळणं माझ्या कामात क्वचित घडतं, म्हणून बाईंच्या परवानगीने आणि ओळख पटेल असा तपशील गाळून हे प्रकरण लिहिते आहे.

स्कॅनमध्ये काय दिसलं

मधुमेह पाच वर्षांपासून, गोळ्यांवर. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेचं सरासरी माप, ६.८. शस्त्रक्रियेला हरकत नाही. रक्तदाब ठीक. तंबाखू, मिश्री नाही. हाडांच्या ठिसूळपणासाठी बिस्फॉस्फोनेटची गोळी किंवा इंजेक्शन कधी घेतलं का, हे मी दोनदा विचारलं. या वयाच्या बायकांना ते औषध दिलेलं असतं, ते "कॅल्शियमचं असेल" म्हणून विसरून जातात, आणि जबड्याचं हाड भरून येण्यावर त्याचा थेट परिणाम होतो. पेसमेकर आहे का, हेही विचारलं. पिएझो वापरायचा असेल तर तो प्रश्न टाळून चालत नाही.

ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे, बाईंकडे होताच. पण ओपीजीत प्रतिमा मोठी होऊन येते आणि हाडाची रुंदी तर कळतच नाही. म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन केला.

उजवीकडे कड्याची, म्हणजे दात जिथे उभे असतात त्या हाडाच्या वरच्या कडेची, रुंदी ८.४ मिलिमीटर, आणि कड्यापासून नसेच्या कालव्याच्या छतापर्यंत उंची १५.२ मिलिमीटर. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस याच कालव्यातून जाते. बाहेर जाड टणक कवच, आत दाट जाळी. कुठल्याही इम्प्लांटवाल्याला हवंहवंसं वाटेल असं हाड.

डावीकडचं चित्र निराळं. दाढ गेली की त्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजायला लागतं. गालाच्या बाजूने सगळ्यात आधी, आणि पहिल्या वर्षात सगळ्यात झपाट्याने. पंधरा वर्षांत इथे कडं सुरीच्या धारेसारखं झालं होतं. अगदी वर रुंदी ४.२ मिलिमीटर, एक मिलिमीटर खाली ६.६. नसेपर्यंतची उंची ११.६. जिभेच्या बाजूला हाड खाली आत वळलेलं, म्हणजे दिशा थोडी चुकली तरी तिकडून भोक पडायची भीती. मागची दाढ रिकाम्या जागेकडे कललेली, आणि समोरची वरची दाढ मिलिमीटरभर खाली उतरलेली.

कड्याची धार एक मिलिमीटर सपाट करायची, मग उरलेल्या १०.६ मिलिमीटरमध्ये ८ मिलिमीटर लांबीचा, ३.८ व्यासाचा इम्प्लांट बसवायचा, असं ठरवलं. नसेच्या वर २.६ मिलिमीटर हाड शिल्लक राहतं. निदान दोन मिलिमीटर अंतर राखायचं हा नियम आम्हा सगळ्यांच्या डोक्यात पक्का असतो, त्यामुळे हाताला मोकळीक होती ती फक्त ०.६ मिलिमीटरची. उजवीकडे ४.५ व्यासाचा, १० मिलिमीटरचा इम्प्लांट. तिथे खाली पाच मिलिमीटर हाड उरत होतं.

हाडाला काय सोसत नाही

संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५२ साली स्वीडनमध्ये सशांच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा भाग काढता येईना, तो हाडाला घट्ट धरून बसला होता. ही गोष्ट आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. १९६५ साली त्यांनी पहिल्या पेशंटला टायटॅनियमचे दंत-इम्प्लांट बसवले. त्याच परंपरेतली आणखी एक नोंद मला रोजच्या कामात जास्त उपयोगी पडते: १९८३ साली एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी सशांवर दाखवलं, की हाडाचं तापमान एक मिनिटभर ४७ अंशांवर गेलं, तर तिथलं हाड पूर्ववत भरून येत नाही. ४७ अंश म्हणजे आंघोळीचं कढत पाणी. ड्रिल बोथट असेल, सलाईन पोहोचत नसेल, किंवा हात घाईने दाबत असेल, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि पेशंट भुलीखाली असल्याने कुणालाच कळत नाही. कळतं ते दोन महिन्यांनी, इम्प्लांट हलायला लागल्यावर.

ड्रिलच्या पद्धतीत हे सांभाळायचे मार्ग जुने आणि भरवशाचे आहेत. वेग मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपास, दोन मिलिमीटरपासून टप्प्याटप्प्याने जाड होत जाणारे ड्रिल, फ्रीजमधलं थंड सलाईन, आणि खालीवर हलता हात, म्हणजे कापलेलं हाड बाहेर येतं आणि पाणी आत जातं.

पिएझोचं तत्त्व वेगळं. काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवलं. उलटही घडतं: वीज दिली की स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतो. हँडपीसमधल्या, म्हणजे हातात धरायच्या दांड्यातल्या, सिरॅमिकच्या चकत्या अशाच सेकंदाला पंचवीस ते तीस हजार वेळा थरथरतात आणि पुढची टिप ६० ते २०० मायक्रोमीटर इतकीच हलते. इटलीच्या तोमासो व्हर्चेलोत्ती यांनी हे तंत्र जबड्याच्या हाडासाठी घडवलं, आणि २००० सालापासून ते दंतशल्यचिकित्सेत रुळत गेलं.

बाईंना मी ते प्लास्टरच्या उदाहरणाने सांगितलं. हात मोडल्यावर घातलेलं प्लास्टर कापायची करवत असते, ती टणक प्लास्टर कापते, पण खालच्या कातडीला लागली तर कातडी तिच्यासोबत हलते आणि कापली जात नाही. पिएझो अल्ट्रासॉनिक आहे, ती करवत नाही, पण गंमत तीच. खनिजाने टणक झालेलं हाड कापलं जातं. नस, रक्तवाहिनी, सायनसचा (वरच्या दाढांवरच्या हवेच्या पोकळीचा) पडदा कंपनांसोबत हलतात. त्यांना कापायला सेकंदाला पन्नास हजारांहून जास्त कंपनं लागतात. याचा अर्थ नसेला इजा होऊच शकत नाही, असा नाही. उष्णतेने होऊ शकते, दाबाने होऊ शकते. पण फिरता ड्रिल नसेत घुसणं आणि थरथरती टिप तिला टेकणं, यात फार अंतर आहे.

यंत्र घेतल्यावर पेशंटला हात लावण्याआधी मी खाटकाकडून बोकडाचे जबडे आणून सराव केला. पहिल्याच जबड्यात टिप पुढे सरकेना म्हणून दाबत गेले. दाबलं की कंपनं मंदावतात, टिप जागच्या जागी घासत राहते. मिनिटभरात जळक्या नखासारखा वास आला आणि भोकाची कड तपकिरी झाली. वीस वर्षांची ड्रिलची सवय हाताला होती, जोर लावला की काम होतं अशी. ती मोडायला सहा-सात जबडे लागले. पिएझो थंड असतो, हाडाला जपतो, असं सरसकट बोललं जातं. चुकीच्या हातात तो ड्रिलपेक्षा जास्त तापतो, कारण एकाच जागी तो जास्त वेळ असतो.

उजवी बाजू

इथे सांगण्यासारखं थोडं आहे, आणि तेच चांगलं. भूल, छोटा छेद, हिरडी बाजूला, दोन मिलिमीटरचा ड्रिल, दिशा पाहायला पिन आणि एक एक्स-रे, मग क्रमाने पुढचे ड्रिल. ड्रिलचं टोक खुणेच्या थोडं खाली जातं. ते धरूनही खाली भरपूर हाड होतं. पहिल्या ड्रिलपासून इम्प्लांट बसेपर्यंत नऊ मिनिटं. टॉर्क, म्हणजे इम्प्लांट पिळून बसवताना लागलेला जोर, ४० न्यूटन सेंटीमीटर. वर हीलिंग कॅप, म्हणजे हिरडी भरेपर्यंतचं झाकण, लावून दोन टाके. बाई म्हणाल्या, "गिरणीत बसल्यासारखं वाटलं, पण दुखलं नाही."

डावी बाजू

तीन आठवड्यांनी डावी. दोन्ही बाजू एकदम केल्या नाहीत, कारण दोन्हीकडची भूल एकत्र दिली तर जीभ आणि ओठ पूर्ण बधिर होतात आणि पेशंटचे हाल होतात.

हिरडी उघडल्यावर कड्याची धार स्कॅनमध्ये दिसली तशीच समोर आली, पांढरी, बारीक. आधी खरवडायच्या चपट्या टिपने ती सपाट केली. निघालेला हाडाचा चुरा फेकला नाही. सलाईनमध्ये भिजवून वाटीत झाकून ठेवला, कारण पेशंटच्या स्वतःच्या हाडाइतकी चांगली भरणी बाजारातल्या कुठल्याही बाटलीत मिळत नाही.

मग टोकदार टिपने खूण, आणि त्यानंतर आतून पाणी येणारी दोन मिलिमीटरची टिप. इथे कान फार महत्त्वाचा. टिप बरोबर चालत असते तेव्हा एक हलकी, सलग सुरसुर ऐकू येते. दाब वाढला की आवाज किरकिरतो. तो किरकिरला की मी टिप बाहेर काढायची, पाणी वाहू द्यायचं, पुन्हा आत. दोन-तीन सेकंद आत, एक बाहेर. सहायकेला सांगून ठेवलं होतं की पाणी क्षणभर थांबलं तरी मोठ्याने सांगायचं.

पाच मिलिमीटर खोलीवर थांबून पिन घातली आणि एक्स-रे काढला. एक्स-रेत सगळं सरळ. पण एक्स-रेला गाल ते जीभ ही दिशा दिसत नाही, ती पिनकडे वरून पाहूनच कळते. पिन जिभेकडे किंचित कललेली होती, नेमकी ज्या बाजूला हाड आत वळतं त्या बाजूला. ड्रिल असता तर इथे माझी पंचाईत झाली असती. ड्रिल एकदा पडलेल्या भोकातच पुन्हा घसरतो, आणि जोराने दिशा बदलायला गेलं तर भोक लंबगोल होतं. पिएझोची टिप एकाच भिंतीला टेकवून तेवढीच भिंत खरवडता येते. हिऱ्याचा थर असलेली टिप घेऊन गालाकडच्या भिंतीवरून हलकेच फिरवत राहिले. चार मिनिटांनी पिन उभी आली. गालाकडे १.६ आणि जिभेकडे १.२ मिलिमीटर हाड उरेल अशी.

मग पुढचे तीन मिलिमीटर. या टप्प्यावर खालच्या नसेचा विचार मनातून जात नाही. टिपवरची ८ ची खूण कड्याशी आली तेव्हा थांबले, मापाच्या सळईने तळ चाचपला. तळ टणक लागला. शेवटची जाड टिप फिरवून सलाईनने भोक धुतलं. आत पाहिलं तेव्हा हाडाची जाळी स्वच्छ दिसत होती आणि तिच्यातून बारीक थेंबांनी रक्त झिरपत होतं. ड्रिलने केलेल्या भोकात भिंतीवर हाडाच्या भुकटीचा लेप बसलेला असतो आणि छिद्रं बुजलेली असतात. पिएझोच्या टिपशी सलाईनचे सूक्ष्म बुडबुडे फुटत राहतात आणि तो लेप धुऊन जातो. ते रक्त झिरपताना पाहणं मला दर वेळी आवडतं. जखम भरायची सुरुवात तिथूनच होते.

इम्प्लांट बसला, टॉर्क ३५. गालाच्या बाजूला जपून ठेवलेला चुरा लावला, टाके घातले. पहिल्या टिपपासून बावीस मिनिटं. उजवीच्या दुपटीहून जास्त.

दुपारी साडेचारला बाईंचा फोन आला. भूल उतरली होती. मी सांगितल्याप्रमाणे त्यांनी आरशासमोर बसून कापसाची बारीक वात ओठावरून आणि हनुवटीवरून फिरवून पाहिली होती, आधी उजवीकडे, मग डावीकडे. "दोन्हीकडे सारखंच कळतंय, मॅडम. गुदगुल्या होतात." दुसऱ्या दिवशी मी स्वतः कापूस आणि बोथट सुई दोन्हीने तपासलं. संवेदना पूर्ण होती.

पुढचे तीन महिने

इम्प्लांट बसवला की आधी तो नुसत्या घट्टपणावर उभा असतो. मग त्याला धरून असलेलं जुनं हाड थोडं विरघळतं, नवं हाड यायला वेळ लागतो, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास स्थिरता खाली येते. हा खड्डा किती खोल, हे आयएसक्यू नावाच्या मापाने कळतं. इम्प्लांटला छोटा खुंट लावून त्याची कंपनं मोजतात. आकडा १ ते १०० मधला, जास्त म्हणजे घट्ट.

उजवीकडे बसवताना ७४, चौथ्या आठवड्यात ६७, आठव्यात ७४, बाराव्यात ७६. डावीकडे बसवताना ६९, चौथ्या आठवड्यात ६७, आठव्यात ७२, बाराव्यात ७३.

ड्रिलकडची घसरण सात अंकांची, पिएझोकडची दोनच. हे सगळं श्रेय पिएझोला देण्याचा मोह मला टाळायचा आहे. दोन इम्प्लांटचा व्यास वेगळा, लांबी वेगळी, हाडाचा दाटपणा वेगळा, सुरुवातीचा टॉर्कही वेगळा. जास्त घट्ट बसवलेल्या इम्प्लांटभोवतीचं हाड जास्त दबतं आणि जास्त विरघळतं, म्हणजे उजवीची घसरण त्यामुळेही असू शकते. तरी हे चित्र दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या चाचण्यांशी जुळतं. त्यांतही पिएझोच्या बाजूचा खड्डा उथळ आणि लवकर भरून येणारा दिसला आहे. इटलीत २००७ साली बुटक्या जातीच्या डुकरांवर झालेल्या अभ्यासात पिएझोने केलेल्या जागेत सुरुवातीच्या दिवसांत दाहपेशी कमी आणि हाड घडवणारे वाढघटक जास्त आढळले होते. कारण त्या दिशेला असावं. पण बाराव्या आठवड्यात दोन्ही इम्प्लांट वर दाताची कॅप बसवण्याइतके पक्के होते, आणि वर्षांच्या हिशेबात इम्प्लांट टिकण्यामध्ये या दोन पद्धतींत ठळक फरक दाखवता आलेला नाही, हेही तितकंच खरं.

दुखणं आणि सूज यांबद्दल पिएझोचं कौतुक ऐकू येतं. बाईंच्या बाबतीत डावीकडेच दुसऱ्या दिवशी सूज थोडी जास्त होती. तिथे हिरडी जास्त उघडली होती, वेळही दुप्पट लागला होता. गोळ्या दोन्ही वेळा तीनच दिवस लागल्या.

मग पिएझोने बाईंना नेमकं काय दिलं? हाड लवकर जुळून येणं हा माझ्या लेखी दुय्यम लाभ. खरा लाभ त्या चार मिनिटांत होता, पिन कललेली दिसल्यावर दिशा सुधारता आली तेव्हा. आणि शेवटच्या तीन मिलिमीटरमध्ये, जिथे हात घाबरला नाही तेव्हा. यंत्र काही लाखांचं, टिपा झिजतात आणि पातळ टिप जोर लावला तर मोडतेही. उजवीकडच्यासारख्या रुंद, उंच हाडात त्यासाठी पेशंटला जादा तेरा मिनिटं तोंड उघडं ठेवायला लावणं मला पटत नाही. धारदार ड्रिल आणि थंड सलाईन तिथे पुरेसं आहे. बारीक कडं दुभंगून रुंद करायचं असेल, वरच्या जबड्यात सायनसचा पडदा उचलायचा असेल, किंवा नस दोन-तीन मिलिमीटरवर असेल, तर मात्र मी आता ड्रिल हातात घेत नाही. दोन्हींचे पैसे मी बाईंकडून सारखेच घेतले. अरुंद हाड ही काही त्यांची चूक नव्हती.

कॅप बसवण्याआधी वरची खाली उतरलेली दाढ घासून पातळीत आणली. कललेल्या दाढेमुळे डावी कॅप थोडी अरुंद करावी लागली. तिथे अन्न अडकू नये म्हणून दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश कसा वापरायचा ते बाईंना आरशात दाखवलं. मधुमेह असताना इम्प्लांट जातो तो बहुधा हाड कापण्यातल्या चुकीने नाही, तर हिरडीच्या दुर्लक्षाने, हे त्यांना प्रत्येक भेटीत सांगते.

वर्षानंतरच्या एक्स-रेत उजव्या इम्प्लांटच्या मानेशी हाड अर्धा मिलिमीटर खाली गेलेलं आहे, डाव्याच्या मानेशी जवळपास तेवढंच. गालाकडे लावलेल्या चुऱ्याच्या जागी हिरडी भरलेली, गुलाबी, रक्त न येणारी आहे. एचबीएवनसी ७.१ वर गेलं होतं, म्हणून त्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली आणि पुढची तपासणी सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांवर ठेवली.